मारुती ८०० मध्ये अल्टोची पेट्रोल टाकी: बसवावी की बसवू नये?

रामबागकर (इंदूर)

माझ्याकडे १९९७ सालची, कार्बुरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग) असलेली मारुती ८०० आहे. तिच्या पेट्रोल टाकीचा खालचा जोड गंजला असून गाडी रात्रभर बंद जागेत उभी राहिली की पेट्रोलचा वास येतो. टाकीखाली थेंब पडलेला मात्र अजून दिसलेला नाही. ज्या मिस्त्रींकडे गाडी वर्षानुवर्षे जाते, त्यांचे म्हणणे असे की मूळ टाकी झाळत बसण्यापेक्षा अल्टोची टाकी बसवून टाकावी. त्यांच्या माहितीतल्या कबाड्याकडे ती चांगल्या अवस्थेत आहे, दोन पट्ट्या कापून दोन नव्या वेल्ड केल्या की ती बसेल, आणि २८ लिटरऐवजी ३५ लिटर पेट्रोल मावेल.

हा शेवटचा मुद्दा मला मोहात पाडतो, कारण आमचे नाशिकला वारंवार जाणे असते. तरीही काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही टाकी खरोखर बसते का? अल्टोच्या टाकीत विजेचा पंप असतो आणि माझ्या गाडीचा पंप इंजिनावर आहे, त्याचे काय करायचे? आणि हा बदल कायद्यात बसतो का? ज्यांनी असे काम केले आहे किंवा करताना पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाना_क्रमांक_चौदा (पीथमपूर)

दोन्ही गाड्या मारुतीच्या, दोन्ही इंजिने ७९६ सीसीची, तेव्हा भाग आपापसांत बदलता येत असतील, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. इंजिनाच्या काही भागांबाबत त्यात थोडेफार तथ्य असेलही, पण टाकी इंजिनाला बसत नाही, ती गाडीच्या तळाला बसते, आणि तळ या दोन गाड्यांचा एक नाही. ८०० च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २१७५ मिलिमीटर आहे, अल्टोचे २३६० मिलिमीटर. हा १८५ मिलिमीटरचा फरक कुठेतरी दिसणारच. मागच्या सीटखाली, मागच्या आसाच्या पुढे जी जागा असते, तिच्या उंचसखलपणाप्रमाणे टाकीचा पत्रा दाबून घडवलेला असतो. एका बाजूने सायलेन्सरची नळी जाते, जवळून हँडब्रेकच्या केबली जातात, आणि मागचा आस खड्ड्यात वर उचलला जातो तेव्हा त्यालाही मोकळी जागा लागते. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना जी टाकी ऐटीत बसलेली दिसते, ती चार माणसे बसल्यावर आसाला टेकू शकते. हे मिस्त्रींना दाखवून घ्या.

पट्ट्यांविषयी माझे मत अधिक कडक आहे. २८ लिटर पेट्रोलचे वजन साधारण २१ किलो, ३५ लिटरचे २६ किलो. वाढलेले पाच किलो किरकोळ आहेत, त्यांनी स्प्रिंगा बसणार नाहीत. पण हे सगळे वजन खराब रस्त्यावर सतत वरखाली हिसके देत असते, आणि गंजू लागलेल्या जुन्या तळाच्या पातळ पत्र्यावर केलेले वेल्ड ते किती वर्षे सोसेल हे कोणीही सांगू शकत नाही. मूळ गाडीत टाकी जिथे टांगलेली असते, तिथला पत्रा मुद्दाम दुहेरी केलेला असतो.

पंपाचे उत्तर स्वतंत्रपणे देतो, ते लांब आहे.

हलकंफुलकं (इंदूर)

रामबागकर, ३५ लिटरची टाकी भरण्याचा खर्च त्या गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या आसपास जाईल, याचा विचार केला आहे का?

पाना_क्रमांक_चौदा (पीथमपूर)

पंपाविषयी. कार्बुरेटरच्या गाडीत इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो आणि ते अगदी कमी दाबाने, साधारण ०.२ ते ०.३ बार दाबाने, कार्बुरेटरला देतो. अल्टोसारख्या इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बुरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत टाकीच्या आत विजेची मोटर बसलेली असते आणि ती अडीच ते तीन बार दाब तयार करते, म्हणजे जवळपास दसपट. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारी सुई इतक्या दाबापुढे टिकत नाही. पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर सांडते. त्यामुळे अल्टोचा पंप चालू ठेवणे हा पर्याय नाही.

मग काही मिस्त्री तो पंप जागेवरच ठेवून त्याची वायर काढून टाकतात आणि जुन्या पंपाला त्याच्यातून पेट्रोल ओढायला लावतात. हेही अयोग्य आहे, कारण बंद पडलेल्या मोटरमधून, तिच्या जाळीतून आणि झडपेतून ओढताना इंजिनावरच्या पंपाची दमछाक होते, आणि मे महिन्यातल्या दुपारी नळीतले पेट्रोल वाफ होऊन गाडी सिग्नलला बंद पडते. पंप पूर्ण काढून त्याच्या भोकावर नवी चकती बनवावी, तिला तळापर्यंत पोहोचणारी साधी नळी आणि जाळी लावावी, आणि परतीच्या नळीची सोय ठेवावी. ८०० च्या पंपाला तीन तोंडे असतात: एक आत, एक कार्बुरेटरकडे, तिसरे जादा पेट्रोल टाकीकडे परत पाठवणारे. ही परतीची नळी बुजवून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांचे मालक नंतर उन्हाळ्यात कार्बुरेटर बदलत फिरतात, आणि कार्बुरेटरचा त्यात काडीचा दोष नसतो.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

पाना साहेब, आपले ज्ञान मान्य, परंतु आपण प्रश्नकर्त्याला अकारण घाबरवत आहात असे मला वाटते. माझ्या चुलत भावाकडे कार्बुरेटरवाली जुनी झेन आहे आणि तिला नंतरच्या, इंजेक्शनवाल्या झेनची टाकी बसवलेली आहे. पंप काढला, ॲल्युमिनियमची चकती करून घेतली, त्यावर नळ्या बसवल्या, आणि ती गाडी आज भिंड, मुरैना, झाशी, सगळीकडे धावते. पेट्रोलचा काटा तेवढा चुकीचा दाखवतो. हे काम ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच एका मिस्त्रीने केले, त्यासाठी कोणतीही प्रयोगशाळा लागली नाही.

शिवाय नाशिकचाच प्रश्न असेल, तर मूळ टाकी दुरुस्त करून डिकीत दहा-पंधरा लिटरची दुसरी टाकी ठेवता येईल आणि मध्ये एक तोटी लावता येईल.

पाना_क्रमांक_चौदा (पीथमपूर)

आपल्या भावाचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. एकाच गाडीच्या दोन पिढ्यांमध्ये तळाची घडण बहुतांशी तीच राहते, फरक पंपाच्या भोकाचा आणि नळ्यांचा. रामबागकरांना ८०० च्याच इंजेक्शनवाल्या आवृत्तीची टाकी मिळाली, तर मीही त्यांना ‘शेजारी ठेवून मोजा आणि जुळत असेल तर विचार करा’ असेच सांगेन. दुसऱ्या मॉडेलची टाकी पट्ट्या कापून बसवणे ही निराळी गोष्ट आहे. आणि जो काटा चुकीचा दाखवतो, त्याला ‘तेवढा’ म्हणू नका. भिंडच्या रस्त्यावर रात्री टाकी रिकामी झाल्यावर ‘तेवढा’ फार मोठा होतो.

डिकीतल्या टाकीविषयी मात्र माझा विरोध आहे. अमेरिकेत फोर्ड पिंटो या गाडीची टाकी मागच्या आसाच्या मागे, बंपरजवळ होती. मागून धडक बसली की ती आसाच्या बोल्टांवर चेपली जाऊन फाटण्याचा धोका होता, आणि अखेर १९७८ मध्ये कंपनीला सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तिथे निदान टाकी प्रवाशांच्या कप्प्याबाहेर होती. ८०० च्या डिकीत आणि मागच्या सीटवरच्या मुलांमध्ये फक्त सीटची पाठ असते.

दांडियाबाजार (वडोदरा)

मी रासायनिक अभियंता आहे, माझी नोकरी पेट्रोलियम पदार्थांच्या साठवणुकीत गेली आणि आता निवृत्त आहे. गाड्यांच्या घडणीविषयी मी बोलणार नाही, पण या धाग्यात आतापर्यंत ‘झाळणे’ आणि ‘वेल्ड’ हे शब्द ज्या सहजतेने आले आहेत, त्यावर लिहिणे भाग आहे.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. पेट्रोलचा ज्वलनबिंदू शून्याखाली सुमारे ४३ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्या हवामानात ते वर्षाचे बाराही महिने पेट घेण्याजोगी वाफ सोडत असते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हा ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती या मर्यादेच्या वर राहते. ‘रिकामी केली आहे, आता काही भीती नाही’ असे ज्या टाकीविषयी म्हटले जाते, ती मात्र नेमकी या पट्ट्यात येते. पत्र्याच्या जोडांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले पेट्रोल, टाकी दोन दिवस उन्हात ठेवली तरी, तापवल्यावर पुन्हा वाफ सोडते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या शेगडीपर्यंत किंवा घिसाईच्या ठिणगीपर्यंत पोहोचते.

म्हणून टाकीला उष्णता द्यायचीच असेल, तर ती आधी गरम पाण्याने आणि साबणाने वारंवार धुवावी, वाफेने स्वच्छ करावी, आणि काम करताना जेवढा भाग मोकळा हवा तेवढाच सोडून उरलेली पाण्याने भरलेली ठेवावी. अल्टोच्या टाकीवर पट्ट्या वेल्ड करायच्या असतील, तर हेच सारे तिलाही लागू आहे, ती कबाड्याकडे वर्षभर पडलेली असली तरी. आणि गाडीच्या तळाला वेल्डिंग चालू असताना जुनी टाकी व तिच्या नळ्या गाडीवरून पूर्ण उतरवलेल्या असाव्यात. मी हे घाबरवण्यासाठी लिहीत आहे, असे लष्करवाल्यांनी खुशाल समजावे.

हलकंफुलकं (इंदूर)

काका, आपला प्रतिसाद वाचून मी घरातली देवापुढची उदबत्तीसुद्धा विझवली.

कलम_बावन्न (इंदूर)

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-क मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आता यावर एक पळवाट नेहमी सांगितली जाते: प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधनाचा प्रकार, रंग, आसनसंख्या, वजन इत्यादी असते, टाकीची क्षमता नसते, तेव्हा टाकी बदलली तर प्रमाणपत्राशी विसंगती कुठे निर्माण होते? युक्तिवाद म्हणून हा टाकाऊ नाही, आणि त्याच मॉडेलची टाकी बदलणे म्हणजे साधी दुरुस्तीच आहे, याबद्दल दुमत नसावे. परंतु तळ कापून, नव्या पट्ट्या वेल्ड करून दुसऱ्या मॉडेलची टाकी बसवली, तर तो रचनेतला बदल ठरतो असे माझे मत आहे. या युक्तिवादाची खरी परीक्षा रस्त्यावरच्या तपासणीत होणार नाही. ती होईल गाडीला आग लागल्यावर विमा कंपनीचा सर्वेक्षक तळाचे फोटो काढेल त्या दिवशी, आणि तिथे तो टिकेल अशी हमी मी माझ्या अशिलाला देणार नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब. गाडी १९९७ ची आहे, म्हणजे पंधरा वर्षांनंतरच्या पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणांच्या हिशेबाने पुढची तपासणी २०२७ मध्ये येते. तेव्हा गाडी निरीक्षकासमोर उभी करायची आहे, हे डोक्यात ठेवून काम करून घ्या.

अवंती_ज (इंदूर)

माझी गाडी सीएनजीवर चालते, त्यामुळे विषय थोडा बाजूला नेते आहे. पण टाकी का गंजते, याच्याशी त्याचा संबंध आहे. सीएनजी घेतल्यावर पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामीच ठेवण्याची सवय आम्हाला लागली. त्याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे टाकीतला पंप जळाला. तो दुरुस्त करणाऱ्याने सांगितले की टाकीतल्या पंपाला थंड ठेवण्याचे काम त्याच्याभोवतीचे पेट्रोलच करते, आणि तळाशी दोन-तीन लिटर घेऊन रोज गाडी सुरू केली की मोटर तापत राहते. दुसरे म्हणजे टाकीत हवेची जागा जास्त राहिल्याने रात्रीच्या गारव्यात आत दव धरते, आणि पंप बाहेर काढला तेव्हा जाळीवर तांबडा गाळ होता.

रामबागकरांच्या गाडीत सीएनजी आहे किंवा पूर्वी होते का? असल्यास गंजाचे कारण तेच असू शकेल, आणि नवी टाकी आणली तरी सवय तीच राहिली, तर तिचीही तीच गत होईल. आता आम्ही टाकी किमान एक तृतीयांश भरलेली ठेवतो.

दांडियाबाजार (वडोदरा)

अवंतीताईंचे निरीक्षण अचूक आहे, आणि आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्वत्र मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. थोडे पाणी ते पोटात सामावून घेते, पण पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, म्हणजे नेमक्या त्या खालच्या जोडावर, ज्याविषयी हा धागा आहे. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल एवढे दिवस टिकतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. महिनामहिना उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांनी तो विचारात घ्यावा. १९९७ च्या गाडीतल्या मूळ रबरी नळ्याही इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. टाकी कोणतीही बसवा, नळ्या मात्र सगळ्या नव्या घाला.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे आभार. अवंतीताई, माझ्या गाडीत सीएनजी कधीच नव्हते, पण मधली काही वर्षे ती फारशी वापरात नव्हती, तेव्हा काकांनी सांगितलेले कारण लागू पडावे.

पाना साहेबांच्या सांगण्याप्रमाणे मी कबाड्याकडे टेप घेऊन गेलो. अल्टोची टाकी माझ्या गाडीच्या टाकीपेक्षा आकाराने इतकी वेगळी दिसली की मिस्त्रीही जरा वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, ‘भाऊसाहेब, थोडी खाली लटकेल, पण बसेल.’ खाली लटकणारी टाकी घेऊन मानपूरचा घाट उतरण्याची माझी इच्छा नाही. मात्र त्याच कबाड्याकडे ८०० च्याच इंजेक्शनवाल्या गाडीची टाकी आहे. तिचा वरचा पत्रा, बोल्टांची भोके आणि भरण्याच्या नळीचे तोंड टेपने तरी जुळताना दिसते, आणि आतून ती बॅटरीच्या उजेडात स्वच्छ वाटली. सात लिटर गेले, पण चालेल. प्रश्न उरतो काट्याचा. लष्करवाल्यांच्या भावाचा काटा चुकीचा का दाखवतो, आणि माझ्या बाबतीत ते टाळता येईल का?

हलकंफुलकं (इंदूर)

सात लिटर म्हणजे जेमतेम शंभर किलोमीटर. नाशिकपर्यंत अंतर चारशेच्या पुढे, आणि मध्ये धुळ्याला चहासाठी आपण थांबणारच. माणसाची टाकी गाडीच्या टाकीआधी रिकामी होते किंवा भरते, त्यामुळे ३५ लिटरचा उपयोग तसाही झाला नसता.

ओहमचा_नियम (वडोदरा)

काट्याबद्दल. टाकीतल्या दांडीवर एक तरंगणारा डबा असतो, तो वरखाली होताना एका रोधाच्या पट्टीवर स्पर्शक सरकवतो, आणि त्या रोधाप्रमाणे डॅशबोर्डवरचा काटा हलतो. गोंधळ असा की हे रोध सर्व गाड्यांत सारखे नसतात. जपानी घराण्यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांत टाकी रिकामी असताना रोध जास्त, शंभर ओहमच्या थोडा वर, आणि भरलेली असताना अगदी कमी, जवळपास शून्य. युरोपातल्या अनेक गाड्यांत नेमके उलट, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम. या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की टाकी भरल्यावर काटा शून्यावर जातो. झेनच्या उदाहरणात इतके उलटे झालेले दिसत नाही. तिथे बहुधा दांडीची लांबी किंवा टाकीची खोली बदलल्याने काटा पुढेमागे झाला असावा.

उपाय सोपा आहे. आपल्या जुन्या टाकीतली दांडी काढा आणि मल्टिमीटर लावून डबा खालच्या, मधल्या आणि वरच्या स्थितीत असताना तीन आकडे लिहून ठेवा. नंतर कबाड्याकडच्या टाकीतल्या दांडीचे तेच तीन आकडे घ्या. जुळले तर प्रश्न मिटला. न जुळल्यास जुनी दांडी नव्या चकतीवर बसवून घ्या, कारण तसेही पंप काढल्यावर चकती नवीच करावी लागणार आहे. आणि टाकी रबरी पट्ट्यांवर बसत असेल, तर तिला चासीशी जोडणारी एक वायर न विसरता लावा. तिच्याशिवाय काटा थरथरतो, आणि पेट्रोल भरताना साठणाऱ्या स्थिर विजेलाही वाट मिळत नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

भावाच्या गाडीची वायर आज पाहिली. नाही. उद्या लावून घेतो. बाकी माझे मत कायम आहे की काम होते.

शिल्पा_मकरपुरा (वडोदरा)

सर्वजण दुसरी टाकी आणण्याविषयीच बोलत आहेत. मूळ टाकीच वाचवण्याचा विचार कोणी का करत नाही? आमच्या वडिलांच्या जुन्या पद्मिनी मोटारीची टाकी आम्ही धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जर लावून, विजेच्या पद्धतीने गंजमुक्त केली. आत लोखंडी सळई टाकीला न टेकता लोंबकळत ठेवायची, चार्जरची धन बाजू सळईला आणि ऋण बाजू टाकीला. गंज सुटून काळा गाळ होतो. स्टेनलेसची सळई मात्र वापरू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर, विडी-सिगारेटपासून दूर करायचे. नंतर आतून लेप दिला.

दांडियाबाजार (वडोदरा)

शिल्पाताई, पद्धत बरोबर आहे आणि सावधगिरीच्या दोन्ही सूचनाही बरोबर. माझी शंका एवढीच की रामबागकरांचा गंज आतल्या पृष्ठभागावर नसून जोडात आहे. सोडा आणि वीज गंज काढतात, गेलेले लोखंड परत आणत नाहीत. कित्येकदा तो गंजच भोक बुजवून बसलेला असतो आणि तो निघाल्यावर वास येणारी टाकी ठिबकणारी होते. आतला लेप द्यायचा असल्यास तो इथेनॉल सोसणारा असल्याची खात्री करावी. जुन्या प्रकारचे लेप अल्कोहोलने सुटून त्यांचे पापुद्रे थेट जाळीत जातात.

रामबागकर (इंदूर)

शिल्पाताईंचा उपाय मी कबाड्याकडच्या टाकीवर, बसवण्यापूर्वी, करून घेईन असे ठरवले आहे. ओहमचे आकडे घेतले, रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीत दोन्ही दांड्या जवळपास सारख्या आहेत, मध्ये किंचित फरक आहे. चकती पितळेची करावी की ॲल्युमिनियमची? आणि नव्या टाकीला एक जादा बारीक नळी आहे, जी माझ्या गाडीत कुठेच जोडलेली दिसत नाही. मिस्त्री म्हणतात ती बोल्ट घालून बंद करून टाकू.

पाना_क्रमांक_चौदा (पीथमपूर)

बंद करू नका! ती वाफेची नळी आहे. इंजेक्शनच्या गाडीत ती कोळशाच्या डब्याला जोडलेली असते. टाकीतली वाफ तिथे शोषली जाते आणि गाडी चालू असताना इंजिन ती ओढून जाळते. टाकीला श्वास घेण्याची दुसरी वाट नसेल आणि ही नळी बुजवली, तर काय होईल ते पाहा. २८ लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले की अर्ध्या लिटरहून थोडे अधिक फुगते, आणि वाफेचा दाब त्याहून वेगळा. उन्हात उभ्या गाडीचे झाकण उघडताना पेट्रोल अंगावर उडते ते यामुळे. उलट, चालू गाडीत पेट्रोल संपत जाते, हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. टाकीचा पत्रा आत चेपलेला मी पाहिला आहे. आपल्या गाडीत वाफेची नळी मुळात कुठून निघते ते शोधा आणि ही तिला जोडा. ती कुठेतरी असणारच, बहुधा तळाखाली तुटून लोंबत असेल किंवा आधीच्या कुणीतरी बोल्ट घातलेला असेल. रात्री येणाऱ्या वासाचा एक हिस्सा तिचाही असू शकतो, हे आधीच सांगायला हवे होते.

चकतीसाठी चार मिलिमीटरचे ॲल्युमिनियम पुरेसे आहे, पण तिच्याखालचे पॅकिंग इथेनॉल सोसणारे घ्या आणि बोल्ट एकाआड एक समोरासमोरचे आवळा.

कलम_बावन्न (इंदूर)

आणि कबाड्याकडून टाकीची पावती घ्या, तीवर ‘मारुती ८०० ची टाकी’ असे स्पष्ट लिहून. मिस्त्रींच्या बिलावरही तसेच लिहून घ्या. २०२७ साठी ती फाइलमध्ये राहू द्या.

हलकंफुलकं (इंदूर)

कबाडी पावती देईल त्या दिवशी मी स्वतः पोहे-जिलेबी घेऊन येईन.

पाना_क्रमांक_चौदा (पीथमपूर)

एक राहिले. टाकी बसवल्यावर लगेच काठोकाठ भरू नका. आधी पाच लिटर घाला, रात्रभर गाडी मोकळ्या जागेत ठेवा आणि सकाळी प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवून पाहा. मग भरून पुन्हा तसेच करा, कारण वरच्या चकतीची आणि भरण्याच्या नळीची गळती अर्ध्या टाकीला दिसतच नाही. झाकण मूळचेच वापरा. बाजारातल्या स्वस्त झाकणांमध्ये पोकळी मोडणारी झडप पुष्कळदा नसते. आणि पेट्रोलची जाळी पहिल्या आठवड्यानंतर बदला, कितीही स्वच्छ धुतली असली तरी जुन्या टाकीचा गाळ सुटतोच.